डबीतला रुपया वाजत नाही

गेले तीन-चार शनिवार-रविवार आमच्याकडे एकच वाद चाललाय. जुनं नाणं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून त्यावर मार्कांचं लेबल लावून घ्यावं की नाही? एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला मी. मामी तटस्थ आहे, पण वाद पेटला तो तिच्यामुळेच. कसा ते पुढे येईलच.

थोडी पार्श्वभूमी. मी पुण्यात कोड लिहितो आणि जमेल तेव्हा कोल्हारला पळतो. कोल्हार म्हणजे नगर-मनमाड रस्त्यावरचं, प्रवरेच्या काठचं कोल्हार भगवतीपूर. शिर्डीला जाताना इथून तुम्ही कधी ना कधी गेला असणार. मामांचं तिथं भांड्यांचं दुकान आहे. भांड्यांच्या दुकानातून नवा माल जातो तशी जुनी मोड आत येते. फुटके हंडे, चेपलेले तांबे, पिचलेल्या पराती. आणि या मोडीत पूर्वी नाणीही यायची. शिवराया, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे. घरातलं म्हातारं माणूस गेलं की फडताळं आवरताना निघालेलं सगळं तांबं एका पिशवीत, आणि भाव किलोवर. मामांनी त्यातली नाणी वेगळी काढायला सुरुवात केली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. पुढे चांदीचे रुपये आले, मग पुस्तकं आली, भिंग आलं, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा आला. आज त्यांच्याकडे जे काही आहे त्याची किंमत मला ठाऊक नाही, आणि मामीला ती कळू नये अशी मामांची इच्छा आहे :-)

आता ग्रेडिंग म्हणजे काय भानगड आहे ते सांगतो. समजा मी नाणं विकतोय आणि तुम्ही घेताय. मी म्हणणार नवंकोरं, तुम्ही म्हणणार घासलेलं. यावर उपाय म्हणून दोघांशी संबंध नसलेल्या तिसऱ्याकडे जायचं. हे तिसरे म्हणजे प्रामुख्याने दोन अमेरिकन कंपन्या, १९८६ साली सुरू झालेली पीसीजीएस आणि १९८७ ची एनजीसी. नाणं त्यांच्याकडे पाठवायचं. ते आधी अस्सल-नक्कल ठरवतात, मग एकाहून जास्त ग्रेडर ते स्वतंत्रपणे बघतात आणि १ ते ७० मधला एक आकडा ठरतो. ६० च्या पुढे म्हणजे न वापरलेलं, ७० म्हणजे भिंगातूनही दोष दिसत नाही असं. मग नाणं पारदर्शक डबीत कायमचं बंद होतं. वर लेबल, लेबलवर आकडा आणि नोंदणी क्रमांक. या डबीला धंद्यात 'स्लॅब' म्हणतात. मामा फोनवर "चार नग स्लॅबला टाकलेत" असं म्हणाले तेव्हा मला वाटलं घरावर मजला चढवतायत.

हा ७० आकडा आला कुठून? मला वाटायचं एखाद्या समितीने डोकं लावून काढला असेल. तर नाही. विल्यम शेल्डन नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. माणसांच्या देहयष्टीचे एक्टोमॉर्फ, मेसोमॉर्फ, एंडोमॉर्फ असे तीन प्रकार पाडणारा हाच तो. त्याला जुन्या तांब्याच्या अमेरिकन सेंटचा नाद होता. १९४९ च्या पुस्तकात त्याने असं मांडलं की अगदी झिजून गेलेल्या सेंटला १ धरलं तर सर्वोत्तम सेंटची किंमत त्याच्या ७० पट असते, म्हणून मोजपट्टी १ ते ७०. म्हणजे मुळात हा बाजारभावाचा गुणक होता, तोही एका देशाच्या एका प्रकारच्या नाण्यांपुरता. भाव लवकरच बदलले, गुणक कोलमडला, आकडे तेवढे राहिले. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या नाणेसंघटनेने ते सगळ्या अमेरिकन नाण्यांना लावले आणि तिथून ते जगभर गेले. आमच्याकडे याला लेगसी कोड म्हणतात. का लिहिलं ते कुणाला आठवत नाही, पण काढायची हिंमत होत नाही.

(जाता जाता: शेल्डन वारल्यानंतर उघडकीला आलं की अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली शंभरावर चांगली सेंट नाणी काढून घेऊन त्याने तिथे आपल्याकडची हलकी नाणी ठेवली होती. मोजपट्टी बनवणाऱ्यानेच माल बदलला!)

तर आता मामीचा भाग. मामांनी एका डीलरमार्फत चार रुपये पाठवले. पंचम जॉर्जचा १९३६ चा एक आणि सहाव्या जॉर्जचे तीन. काही महिन्यांनी डब्या आल्या. तीन नाण्यांना ५८ ते ६३ च्या दरम्यानचे आकडे मिळाले. चौथा, मामांच्या मते सगळ्यात देखणा, त्याला आकडाच नाही. लेबलवर 'डिटेल्स, क्लीन्ड'. म्हणजे नाणं अस्सल आहे, पण घासून स्वच्छ केलेलं आहे, सबब नंबर मिळणार नाही.

तो रुपया लक्ष्मीपूजनाच्या ताटातला. गेली किमान वीस वर्षं मामी तो दर दिवाळीला रांगोळीने घासून लखलखीत करते. रांगोळी म्हणजे दगडाची पूडच. पृष्ठभागावर केसासारखे बारीक चरे पडतात, आणि टांकसाळीतून निघताना धातूवर असलेली मूळ झळाळी जाते ती जातेच. ग्रेडरने ते बरोबर ओळखलं, त्याची काही चूक नाही. पण मामीचं म्हणणं, "देवाचा रुपया काळा ठेवायचा का? साफ केलं तर बिघडलं म्हणे!" आणि खरं सांगायचं तर याला माझ्याकडे उत्तर नाही. अमेरिकेत नाणं चलनातून थेट कपाटात गेलं. आपल्याकडे ते देवघरात गेलं, बाळाच्या कमरेला गेलं, कडी डाखून माळेत ओवलं गेलं. हळदीकुंकवाचे डाग, डाखाची खूण, घासल्याचे चरे, हे सगळं त्या पट्टीवर नापास. मग आपल्या घरांमधल्या चांदीच्या रुपयांतले किती पास होतील याचा अंदाज तुम्हीच करा.

खर्चाचं म्हणाल तर कंपनीची फी, डीलरचं कमिशन, जाण्यायेण्याचा कुरियर, विमा, सगळं धरून प्रत्येक नाण्यामागे काही हजार गेले. सहाव्या जॉर्जचा १९४४-४५ चा रुपया निम्म्या चांदीचा असतो आणि बाजारात मुबलक आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय! पण मामांचा मुद्दा वेगळा. ते म्हणतात, "हल्ली प्रदर्शनात गेलं की पोरं पहिलं विचारतात, 'काका, स्लॅब आहे का?' नाणं हातात घेऊन बघायला कुणी तयार नाही."

माझा आक्षेप नेमका इथे आहे, आणि तो ग्रेडिंगलाच सरसकट नाही. ग्रेडिंगवाले एका डबीत दोन वेगळ्या गोष्टी विकतात. एक, हे नाणं खरं आहे. दोन, हे नाणं इतकं चांगलं आहे. यातली पहिली गोष्ट आपल्याला पाण्यासारखी गरजेची आहे. दुसरी आपल्या नाण्यांना धड लागू पडत नाही. आणि बाजार भाव लावतो तो दुसरीला.

आयटीवाल्यांना लगेच कळेल असं उदाहरण देतो. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडे एक कुलूप दिसायचं. त्याचा अर्थ इतकाच होता की तुमचं कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे आणि तुम्ही जिथे आहात ती साइट त्याच नावाची आहे. साइटचा मालक सज्जन आहे असं ते कुलूप कधीच म्हणत नव्हतं. पण लोक तसंच समजायचे. शेवटी २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं. ओळख पटवणं वेगळं आणि गुणवत्ता ठरवणं वेगळं. आमच्या सिनियर लोकांना सीएमएम लेव्हल फाइव्हचे बोर्ड आठवतात. कंपनी लेव्हल फाइव्ह, आणि प्रत्यक्ष प्रोजेक्टमध्ये रात्री दोनला प्रॉडक्शनवर हाताने बदल चाललेले!

पहिल्या गोष्टीची गरज किती आहे ते बघायचं असेल तर मामांच्या दुकानात एक दिवस बसा. आठवड्यातून एखादा तरी माणूस रुमालात काहीतरी बांधून येतोच. एकाकडे ईस्ट इंडिया कंपनीचं '१८१८' चं नाणं, त्यावर हनुमान किंवा रामदरबार. असलं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही, ते सगळे नंतर बनवलेले टोकन. दुसरा विचारतो, तांब्याचं नाणं तांदूळ ओढतं म्हणतात, त्याला कोटी रुपये येतात, खरं का? तिसऱ्याकडे २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला लाखो मिळतात म्हणून वाचलंय आणि 'आधी टॅक्स भरा' असं सांगणाऱ्या कुणाला पैसेही पाठवून झालेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये खास पत्रक काढून सांगितलं की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात कुणी फी, कमिशन किंवा कर मागत असेल तर ते आम्ही नव्हे. पत्रक रुमालवाल्यापर्यंत पोचत नाही. व्हॉट्सअ‍ॅप पोचतं.

आणि जाणकारही फसतात. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया अतिदुर्मीळ आहे, त्याचा भाव लाखांत बोलतात. १९३८ चा त्यामानाने सहज मिळतो. दोन्हींचं वजन ११.६६ ग्रॅम, दोन्हीत चांदी ९१.७ टक्के. म्हणजे ८ चा ९ केला की झालं! वजनकाटा काही सांगत नाही, चांदी खरीच असते. असल्या नाण्यासाठी तिसऱ्याची शंभर टक्के गरज आहे. तो शेवटचा आकडा मायक्रोस्कोपखाली बघणारा, बघून पैशांची हमी घेणारा कुणीतरी हवा. या कामापुरता मी डबीच्या बाजूने मत देतो.

आता दुसरी गोष्ट, तो आकडा. शेल्डनची पट्टी यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी आहे. तिथे सगळी नाणी जन्मतः सारखी. नंतर कुणाची किती झीज झाली, कुठे किती ओरखडे, एवढंच मोजायचं. आपल्याकडे १८३५ ला कंपनीने एकसारखा यंत्राचा रुपया आणला. त्याआधीची बहुतेक नाणी हातोड्याने ठोकलेली. ठसा मोठा आणि चकती लहान. त्यामुळे ठशावरचा पूर्ण मजकूर एकाच नाण्यावर सहसा उतरतच नाही. एकावर राजाचं नाव येतं आणि टांकसाळीचं निसटतं, दुसऱ्यावर साल येतं आणि बाकी अर्धवट.

आपल्या नगरचंच घ्या. मुघलांची इथे टांकसाळ होती, रुपयावर फारसीत 'अहमदनगर' यायचं. आता दोन रुपये शेजारी ठेवा. एक अगदी न वापरलेला, चकाकता, पण 'अहमदनगर' चकतीच्या बाहेर गेलेलं. दुसरा मध्यम झिजलेला, पण टांकसाळीचं नाव आणि साल दोन्ही पूर्ण. पट्टी पहिल्याला ६२ देईल, दुसऱ्याला ३०. आणि नाणी कळणारा माणूस डोळे झाकून दुसरा घेईल, कारण पहिला कुठला ते तो रुपया स्वतः सांगतच नाही.

शिवराईचं याहून अवघड. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पुढे पेशवाईत आणि त्याच्याही नंतर चालत राहिलं. कुठे अक्षरांचं वळण वेगळं, कुठे ओळी कशा तोडल्यात ते वेगळं, कुठे मधली दुहेरी रेघ, ती दुदांडी. शिवराई गोळा करणारा माणूस या फरकांच्या मागे असतो. किती झिजलीय हा त्याचा शेवटचा प्रश्न. मामांकडे एक शिवराई आहे, तिची कड तुटलीय, वर हिरवा गंज. आकडा मिळाला तर दहा-बारा. ती त्यांनी ठेवलीय कारण तिच्यावरचा 'छ' त्यांनी दुसऱ्या कुठल्या शिवराईवर पाहिलेला नाही. हे लेबलवर कुठे लिहिणार?

गंमत म्हणजे तिसऱ्याकडून नाणं तपासून घेणं आपल्याला नवीन नाही. आपली भाषाच त्यावर उभी आहे. खणखणीत नाणं. वाजवून घेणं. नावाला बट्टा लागणं. पोतदार हे आडनाव तर सरळ नाणी पारखून खजिन्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याचं. पेशवाईत डझनावारी रुपये एका वेळी बाजारात होते. चांदवडी, अंकुशी, आणखी कुठले कुठले. कोणत्या गावात कोणत्या रुपयाला किती बट्टा, हे सराफ ठरवायचा. संशय आला तर छिन्नीने छोटी खूण मारून आत तांबं नाही ना ते बघायचा. जुन्या रुपयांवर अशा खुणा ढिगाने दिसतात. पाश्चात्त्य नजरेत ती इजा, मार्क कापा. आणि खरं म्हणजे तोच त्या काळातला ग्रेडिंगचा शिक्का! कुणीतरी हे नाणं तपासलं, पास केलं आणि पुढे चालवलं. स्लॅब कंपनी तिच्या आधीच्या स्लॅबचेच मार्क कापतेय, असं मी मामांना म्हणालो. ते हसले, पण वाद सोडला नाही.

ठोकलेल्या खुणांचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण नाशिकजवळचं. १९०६ साली जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं ठोकलेली. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचा शिक्का. सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला याचा याहून ठळक पुरावा नाही, आणि तो पुरावा म्हणजे नाण्यांची 'खराबी'च आहे. ती नाणी स्वच्छ आणि बिनठोकलेली मिळाली असती तर मार्क जास्त आले असते, आणि इतिहासाचं नुकसान झालं असतं.

(डबीबद्दल एक बारीकशी तक्रार. कड दिसावी म्हणून आताच्या डब्यांना खाचा ठेवतात, ठीक. पण डबीतला रुपया वाजत नाही. चांदीचा रुपया बोटाच्या टोकावर ठेवून दुसऱ्याने टिचकी मारा. तो जो नाद निघतो त्यावर मामांनी कितीतरी शिशाचे रुपये पकडलेत. वजनही आता डबीसकटच. म्हणजे घेणाऱ्याकडचं प्रत्येक हत्यार काढून घेतलं आणि सांगितलं, लेबल वाच.)

आकड्याबद्दल अजून दोन गोष्टी. पहिली, तो ठाम नसतो. अमेरिकेत डब्या फोडून तेच नाणं पुन्हा पाठवण्याचा रीतसर उद्योग चालतो. ६३ आलं होतं, नशिबाने ६४ आलं तर फरकात फी सुटते. त्याच इनपुटवर वेगळं आउटपुट देणाऱ्या टेस्टला आम्ही फ्लेकी म्हणतो. १९९० मध्ये पीसीजीएसने 'एक्स्पर्ट' नावाची संगणकावर ग्रेड देणारी प्रणालीही आणून पाहिली होती, पण काम शेवटी माणसांकडेच राहिलं. माणूस म्हटलं की मत आलं. मत असायला माझी हरकत नाही, पण मताला आकड्याचा पोशाख घातला की ते मोजमाप वाटायला लागतं.

दुसरी गोष्ट, 'टॉप पॉप'. कंपन्या कोणत्या नाण्याला आजवर कोणता आकडा किती वेळा दिला याची यादी जाहीर करतात. अमेरिकन डॉलरच्या बाबतीत ती यादी लाखोंवर आहे, तिला अर्थ आहे. आपल्या एखाद्या नाण्याचे समजा सातच नग आजवर तिकडे गेलेत. त्यातला पहिला आलेला 'जगातला सर्वोत्तम' म्हणून विकला जातो. सात पोरांच्या वर्गात पहिला आलेला बोर्डात पहिला! बाकीचे इथल्या घराघरांत, ताटांत आणि माळांत आहेत, ते परीक्षेला बसलेच नाहीत.

आणि बसूही शकत नाहीत. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि डीलर लोक त्यावर सगळ्यात कमी बोलतात. अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स अ‍ॅक्ट, १९७२. या कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं कुठलंही नाणं ही पुरावस्तू. ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या यंत्रणेला. तुम्ही-आम्ही नेली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि वर दंड. 'विकायला नाही, ग्रेड करून परत आणतो' ही सबब त्यात बसत नाही. देशाबाहेर नेलं म्हणजे नेलं.

आता हिशोब करा. पंचम जॉर्जचा चलनी रुपया १९११ ते १९२२ पर्यंत निघाला, मग एकदम १९३६ ला. १९२२ चा रुपया २०२२ मध्ये शंभरीत गेला. म्हणजे त्या राजाचा फक्त १९३६ चा रुपया परदेशी ग्रेडिंगला कायदेशीरपणे जाऊ शकतो. व्हिक्टोरिया, एडवर्ड, कंपनी, मराठे, मुघल, निजामशाही, सातवाहन, सगळे बाद. जिथे पारखीची खरी गरज आहे तिथे हा रस्ता बंद आणि जिथे चार आण्याची कोंबडी आहे तिथे उघडा.

मामांकडे १९११ चा 'डुकराचा रुपया' आहे. राजाच्या झग्यावरच्या माळेत हत्ती आहे, तो पहिल्या ठशात डुकरासारखा दिसायचा. लोकांत कुजबुज झाली, नाणं थांबवलं गेलं आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आली. डीलर मामांना म्हणाला होता, "तोही द्या हो, सगळ्यांचे जातात, कोण बघतं?" मामांनी दिला नाही. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि ज्या सहजपणे त्याने ते विचारलं त्याची चीड आली. बाजारात १९११ चे स्लॅबवाले रुपये दिसतात, त्यातले बरेच इंग्रजांबरोबर बोटीतून गेलेले आणि तिकडेच डबीत बसलेले असतील. पण इकडून 'सगळ्यांचे जातात' त्यांचं काय? आपण निव्वळ एका आकड्यासाठी साध्यासुध्या संग्राहकांना गुन्ह्याची सवय लावतोय.

इतकं सगळं ऐकल्यावर मामा म्हणाले, "आरं, तुझं खरं आहे. पण मी गेल्यावर काय?"

खरा प्रश्न हा आहे, बाकी वाद आमचा करमणुकीचा. मामांचा मुलगा बंगळुरूला, मुलगी जर्मनीत. दोघांनाही शिवराई आणि ढब्बू पैसा यांतला फरक सांगता येणार नाही. मामांना भीती अशी की एक दिवस कुणीतरी कपाट उघडेल आणि सगळं पुन्हा किलोवर जाईल. ज्या मोडीतून त्यांनी ते वेचलं त्याच मोडीत. डबीवर नाव, साल, आकडा असेल तर निदान घेणारा पोरांना लुबाडणार नाही. याला मी काय बोलणार? ही भीती नाणी जमवणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला असते, आणि कंपन्या कळत-नकळत तीही विकतात.

पण यावरचा इलाज ७० पैकी आकडा हा नाही, एवढं मी त्यांना पटवलंय. अर्धं. वारसाला कळायला हवं की हे काय आहे, किती वजनाचं आहे, कसं दिसतं, कुठून आलं आणि याबद्दल कुणाला विचारायचं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची. कोल्हारहून फार लांब नाही, आणि तिथे जायला कस्टमचा फॉर्म लागत नाही. इथल्या इथे दाखला देणाऱ्याने, मग तो कुणीही असो, आकडा नाही दिला तरी चालेल. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो, वजन, व्यास, वाचता आलेला मजकूर, न आलेला मजकूर, दुरुस्ती किंवा डाखाची खूण, आणि खाली तपासणाऱ्या माणसाचं नाव आणि सही. कंपनीचं नव्हे, माणसाचं. पूर्वी सराफाची खूण बघून लोक ओळखायचे ना, हा कुणी पास केलाय ते. तसं. आणि खोटं निघालं तर भरपाई कोण देणार हे त्याच कागदावर. सोबत एक पारदर्शक पाकीट द्या, उघडता येईल असं.

तोवर आम्ही आमच्यापुरतं काम सुरू केलंय. मी एक साधी स्प्रेडशीट बनवली. मामा काट्यावर ठेवतात, मी फोटो काढतो, मामी नंबर असलेली कागदी पाकिटं भरते (आणि आता कशाला हात लावताना आधी विचारते, त्यात टोमणा असतो). दर वीकेंडला तीस-चाळीस नाणी होतात. वजन, व्यास, मजकूर हे रकाने सोपे आहेत, ते माझ्यानंतरही कुणी भरू शकेल. अवघड रकाना एकच, 'कुठून आलं'. कोणाच्या मोडीत, कोणत्या गावातून, साधारण कधी. ते मामांच्या डोक्याशिवाय कुठेही लिहिलेलं नाही. सत्तावन्न शिवरायांपैकी एकोणीस शिवरायांचा तो रकाना अजून रिकामा आहे, आणि मामा परवा एका शिवराईकडे बराच वेळ बघून म्हणाले, ही राहुरीच्या बाईची की बाभळेश्वरच्या, आता ध्यानात येत नाही.